समाचाराला येणारी बाई

साठीच्या पुढची बाई. वाटेवरच्या तांबड्या धुळीने पाय पोटऱ्यांपर्यंत माखलेले. अंगणात शिरल्यावर तिने डोक्यावरची पिशवी खाली ठेवली, दाराशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळहात पोकळ धरून हलक्या टाळ्या वाजवल्या. झिंबाब्वेतल्या शोना बायका घरच्या मोठ्या माणसाला असा नमस्कार करतात, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. पण आतून बाहेर आली ती तेरा-चौदा वर्षांची मुलगी. अंगात शाळेचा विटलेला झगा, पाठीशी टॉवेलने बांधलेलं धाकटं भावंड. तिनेही गुडघे टेकले, टाळ्यांना टाळ्यांनी उत्तर दिलं, लव्हाळ्याची चटई अंथरली आणि पाहुण्यांना बसायला सांगितलं. मग म्हातारी एकेक विचारू लागली. दिवस कसा चाललाय, मधल्याचा खोकला गेला का, शेळी व्यायली का, छपराचं गवत यंदा निभेल का. एका घरच्या बाईने दुसऱ्या घरच्या बाईला विचारावं, तसं. डोक्यावरून हात फिरवणं नाही, हळहळणं नाही, आमच्याकडे वळून हलक्या आवाजात ‘आई-बाप दोघंही गेले हो’ असं सांगणंही नाही. ते गेले होते, हे मला नंतर वाटेत कळलं.

त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जाईनात. एवढ्याशा पोरीला घरची कर्ती मानून तिच्यापुढे गुडघे टेकण्यात काही तरी फार बरोबर होतं आणि काही तरी फार चुकीचंही होतं. तिला तो मान मिळायलाच हवा होता. घर तीच चालवत होती. आणि तो मान तिच्यावर येऊन पडावा, अशी वेळच यायला नको होती.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा हरारेत राहत होतो. २००३ सालची गोष्ट. पेट्रोलसाठी रात्र रात्र रांगा लागत, दुकानांत मक्याचं पीठ आलं की बातमी वाऱ्यासारखी पसरायची. माझ्या ओळखीच्या एका नर्सचं माहेर मुतारेकडचं. तिच्यासोबत मी तिकडे गेले होते. हरारेहून पूर्वेला निघालं की अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर रस्ताभर एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोटे दिसतात, मग ख्रिसमस पासचा घाट उतरताना खाली डोंगरांच्या कुशीत मुतारे शहर पसरलेलं दिसतं. पलीकडे मोझांबिकची सरहद्द. पहिल्या पावसाच्या आधीचे दिवस होते, हवेत धूर आणि तापलेल्या मातीचा वास. मैत्रिणीची मावशी चर्चच्या ज्या कामात होती ते काम मला बघायचं होतं. दाराशी गुडघे टेकणारी बाई ती हीच.

हे काम ज्या संस्थेचं, तिचं नाव फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट, सगळे तिला ‘फॅक्ट’ म्हणतात. मुतारेच्या सरकारी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. जेफ फॉस्टर यांनी १९८७ मध्ये ती सुरू केली. ख्रिस्ती संस्था. देशात एड्स हा शब्द उघडपणे कुणी उच्चारत नव्हतं तेव्हाची. वॉर्डात आजारी लेकरं येत होती, त्यांच्या आया खंगत चालल्या होत्या, आणि काही महिन्यांनी त्याच लेकराला घेऊन आजी यायची. आईचं काय झालं, हे विचारावं लागत नसे. पुढे १९९२ मध्ये त्यांनी मुतारे आणि आसपासच्या ५७० घरांत जाऊन मोजणी केली. पंधरा वर्षांखालच्या आठ मुलांमागे एकाचा बाप किंवा आई, कुणी तरी एक गेलेलं होतं. शहरातल्या बऱ्या स्थितीतल्या वस्तीत हे प्रमाण शंभरात चार-पाच, तर शहराच्या कडेच्या खेड्यांत सतरा. शहरात कमावणारे गेले की पोरं गावाकडे आजीच्या अंगणात येऊन पडत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर त्या देशात चार प्रौढांमागे एकाच्या रक्तात हा विषाणू होता. चारातला एक म्हणजे काय, हे आकड्याने कळत नाही. मैत्रिणीने सांगितलं, शनिवार-रविवार दफनासाठी राखून ठेवायची आम्हाला सवय झाली होती.

अशा वेळी कुणीही चांगल्या मनाचा माणूस काय करेल? अनाथाश्रम बांधेल. मीही तेच म्हटलं असतं. फॅक्टने तसं केलं नाही. १९९३ मध्ये त्यांनी ‘फोकस’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्याचं सगळं बळ एका साध्या गोष्टीवर. गावातल्या चर्चमधल्या बायकांनी आपल्याच गावातल्या अशा घरांची यादी करायची आणि त्या घरांना नेमाने भेट द्यायची. या बायका पगारी नाहीत. बहुतेकींची स्वतःची शेती कोरडवाहू, कित्येक विधवा, कित्येकींच्या घरी आधीच मेलेल्या बहिणीची पोरं. संस्थेकडून मिळायचं ते मोजकं. मक्याचं बियाणं, खत, एखादं ब्लँकेट, प्राथमिक शाळेची फी. कुणाला काय द्यायचं, हे शहरातल्या कचेरीने ठरवायचं नाही, या बायकांनी ठरवायचं. घर बांधायचं नाही, मूल उचलायचं नाही. मूल जिथे आहे तिथे, त्याच्या आजीच्या, मावशीच्या, थोरल्या बहिणीच्या हाताखाली राहील, आणि त्या हातांना थोडा टेकू मिळेल.

त्या मावशींकडे एक शंभर पानी वही होती, कडा कुरतडलेली. तिच्यात शिसपेन्सिलीने घरागणिक ओळी. तारीख, कोण आजारी, शाळेत कोण जात नाही, काय दिलं. पण वही त्या शेवटी उघडायच्या. आधी नुसत्या बसायच्या. त्या मुलीच्या स्वयंपाकाच्या झोपडीत आम्ही बसलो होतो. गोल भिंत, वर गवताचं छप्पर, मधोमध चूल. जमीन शेणाने सारवून दगडाने घोटून काढलेली. आजोळच्या पडवीची आठवण यावी इतकी गुळगुळीत आणि गार. भिंतीलाच मातीच्या फळ्या काढलेल्या, त्यांवर ताटल्या, पेले, पातेली चकचकीत घासून मांडलेली. दोन-तीनच होती, तरी मांडलेली. मावशी बोलता बोलता उठल्या, पाणी पिण्याच्या निमित्ताने मडक्याचं झाकण काढून बघितलं, कोपऱ्यातल्या डब्यात पीठ किती आहे त्यावर नजर टाकली, दोरीवरची ब्लँकेटं किती आणि माणसं किती हे बघितलं असावं. धाकट्याला मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या दंडाला बोटांची कडी घालून बघितली. एक प्रश्न नाही विचारला. बाहेर आल्यावर मैत्रिणीला म्हणाल्या, पीठ आठवड्याचं आहे, पुढच्या रविवारी कुणाला तरी सांगायला हवं. मैत्रिणीने मला त्याचं इंग्रजी करून सांगितलं आणि मग आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे माणूस गेलं की मातीच्या आधी त्याला स्वयंपाकाच्या झोपडीत निजवतात, रात्रभर बायका भोवती बसतात, गातात. या मुलीची आई त्याच जमिनीवर निजली होती. त्या रात्री मावशी तिथे बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं येणं सुटलेलं नाही.

माझे वडील मामाकडे वाढले. आई बाळंतपणात गेली, वडील त्यानंतर वर्षभरात विषमज्वराने. राजापूरकडच्या एका खेड्यात मामाचं घर, मामाची स्वतःची पाच मुलं. आमच्या घरी हे कधी दुःखाची कहाणी म्हणून सांगितलं गेलं नाही. ‘अनाथ’ हा शब्द तर वडिलांनी स्वतःबद्दल कधीच वापरला नाही. मामा होता, मामी होती, मग अनाथ कसला? पण ते जेवायला बसले की आम्हा मुलांना काही गोष्टी दिसत. ते पुन्हा वाढून घेत नसत. ‘अजून घ्या’ म्हटलं की हात ताटावर आडवा. ताट असं स्वच्छ करायचे की घासायची गरजच राहू नये. आंब्याच्या दिवसांत कोयच उचलायचे, फोड नाही. मामीने त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शाळेतून काढलं नाही. शिकवलं, नोकरीला लावलं. त्या माउलीबद्दल ते आयुष्यभर कृतज्ञ राहिले. तरी ताकावरचं लोणी कुणाच्या वाटीत पडायचं, ते त्यांना पाठ होतं. म्हातारपणी, मामी जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर, एकदाच बोलून गेले.

मुतारेच्या मोजणीत लिहिलं आहे की नातेवाइकांकडे राहणाऱ्या बहुतेक मुलांची काळजी नीट घेतली जात होती, छळ किंवा भेदभावाचा पुरावा फारसा दिसला नाही. मी ते वाचलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या. खरं असणार, कारण माझे वडील त्याचं उदाहरण. आणि अपुरं असणार, कारण त्यालाही माझे वडीलच उदाहरण. एका भेटीत, हातात फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला, लोण्याचा गोळा कुणाच्या वाटीत जातो ते कसं दिसणार? त्यासाठी पुन्हा पुन्हा येणारं माणूस लागतं, ज्याच्यासमोर घर आवरून बसत नाही. झाकण काढून मडक्यात बघण्याचा हक्क ज्याला आहे असं. त्याच मोजणीत आणखी एक नोंद आहे, ती मला फार जवळची वाटली. शोना रीतीप्रमाणे पोरक्या मुलांचा भार बापाच्या कुळाने उचलायचा, पण प्रत्यक्षात आईकडची माणसंच अधिकाधिक पुढे येत होती. आजी, मावशी, मामा. राजापूरला जे झालं तेच.

बापाच्या कुळाची तिथली दुसरी बाजूही आहे. नवरा गेला की त्याच्या भावांनी येऊन गुरं, नांगर, भांडी, प्रसंगी दाराची कडीसुद्धा घेऊन जावी, हे सर्रास चालायचं. विधवेला आणि मुलांना वारसाहक्क देणारी कायद्याची दुरुस्ती १९९७ मध्ये झाली, पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. समाचाराला येणाऱ्या बायकांचा इथेही उपयोग होता, असं मैत्रीण म्हणाली. चर्चच्या चार बायका अंगणात बसलेल्या असल्या की दीर जरा दबकून बोलतो.

चर्चबद्दल माझ्या मनात शंका नव्हत्या असं नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात मिशन, अनाथ मुलं आणि धर्मांतर हे शब्द एकापाठोपाठ येतात, माझ्याही आले. पण तिथे कुणाला कशात आणायचं? ते घर आधीपासून मेथडिस्ट होतं, शेजारचं अँग्लिकन, पलीकडच्या माळावर झाडाखाली पांढऱ्या झग्यांतले अपोस्टोलिक पंथाचे लोक बसलेले. बाई निघताना डोळे मिटून प्रार्थना म्हणाल्या, मुलीने शेवटी आमेन म्हटलं, एवढंच. माझा खरा राग वेगळा होता. याच चर्चनी सुरुवातीची कितीतरी वर्षं हा आजार म्हणजे पापाची शिक्षा असं व्यासपीठावरून सांगितलं. मेलेल्यांच्या मुलांना ते ऐकत बाकावर बसावं लागलं. निरोधचं नाव काढायचं नाही, कारण विचारायचं नाही. मी मैत्रिणीला हे विचारलं तेव्हा तिने काही झाकलं नाही. म्हणाली, आमचे पाद्री बोलत होते तेव्हा आमच्या आया त्या घरांत जाऊन अंथरुणं धूत होत्या. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्म कशाला म्हणायचं ते सांगितलंय, अनाथांच्या आणि विधवांच्या संकटात त्यांच्याकडे जाणं. आयांनी तेवढंच वाचलं.

मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. पण त्या आयांवरचा माझा विश्वास त्याने कमी झाला नाही.

इमारतींचं आकर्षण मात्र सगळ्यांनाच होतं, ख्रिस्ती दात्यांना तर फारच. इमारतीचा फोटो काढता येतो, दारावर पाटी लावता येते, रांगेत उभी असलेली धुतल्या कपड्यांतली मुलं दाखवता येतात. आजीच्या झोपडीत पोचलेल्या खताच्या पोत्याचा कसला फोटो? झिंबाब्वे सरकारने १९९९ मध्ये पोरक्या मुलांसाठी जे धोरण ठरवलं त्यात संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असं स्पष्ट लिहिलं. तरी १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तिथे चोवीस नवी बालगृहं उभी राहिली आणि त्यांतल्या मुलांची संख्या दुप्पट झाली. त्या मुलांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मुलांचा कुणी ना कुणी नातेवाईक शोधला तर सापडण्यासारखा होता. म्हणजे घर होतं, घरात पीठ नव्हतं. पिठाच्या जागी मुलाला घरच बदलून दिलं गेलं. मला हे वाचून फार वाईट वाटतं, कारण देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, आणि खर्चही त्यांनी कितीतरी पट जास्त केला.

फोकसचं काम पाहून आल्यावर मी काही काळ अगदी भारावून बोलायचे. मैत्रिणीनेच मला जमिनीवर आणलं. तिचं म्हणणं, या बायकांना इतकं थोर म्हणू नका की त्यांना साबणाचे पैसे द्यायचं कुणाला सुचणार नाही. एक बाई दहा-पंधरा घरं बघते, उन्हातून पायी, स्वतःच्या शेतातलं काम टाकून. देणगीदारांच्या अहवालात ‘समाजाची अंगभूत शक्ती’ म्हणतात ती हीच, फुकट. आणि ब्लँकेट चार आले, घरं बारा असली, तर त्या चारांची नावं या बाईनेच काढायची, उरलेल्या आठ घरांवरून रोज पाण्याला जायचं. तिचं खरं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला महिन्यातून दोनदा कुणी विचारायला येतं ही मोठी गोष्ट आहे. पण मधल्या दिवसांत चूल तिनेच पेटवायची असते. पहाटे पाण्याला, मग धाकट्याला शेजारी सोडून शाळेला, तेही जमलं तर. त्या दिवशी ती शाळेच्याच झग्यात होती. शाळेत गेली होती की दुसरा झगाच नव्हता, ते मी विचारलं नाही.

आम्ही तो देश सोडला त्यानंतर तिथे काय काय झालं ते मी लांबून वाचत राहिले. २००८ मध्ये महागाई इतकी भडकली की पैशाला अर्थ राहिला नाही, पुढच्या जानेवारीत शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली. शिक्षकांचा पगार बसभाड्यालाही पुरेना, शाळा ओस पडल्या. त्याच काळात कॉलऱ्याने चार हजारांहून जास्त माणसं नेली. शाळेची फी भरायला कुणी पुढे आलं तरी शाळाच उघडी नाही, अशा वेळी फीची मदत म्हणजे काय? बियाण्याची पिशवी मात्र तेव्हाही बियाण्याचीच राहिली, नोटेसारखी तिची किंमत रात्रीत उतरली नाही. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळाने मुतारेच्या दक्षिणेचा चिमानिमानी भाग धुऊन नेला, रात्रीत वरून दरडी आणि शिळा आल्या, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून डोंगरांचे आकार ओळखीचे वाटतात का बघत होते.

आणि एक गोष्ट चांगली झाली, ती खूप मोठी आहे. २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून एड्सवरची औषधं मिळू लागली. आधी थोड्यांना, मग सगळीकडे. आया जगू लागल्या. पोरकेपणावर याहून मोठा उपाय कुठलाच नाही: आईला रोज एक गोळी. ज्या मुलांसाठी यादी करावी लागली असती अशी लाखो मुलं आज स्वतःच्या आईच्या हातचा साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खाऊन शाळेत जात आहेत. म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या औषधांचा आणि दवाखान्यांतल्या माणसांचा फार मोठा भार त्या मदतीवर होता. गोळी चुकली तर काय होतं, हे त्या भागातल्या आज्यांइतकं कुणाला माहीत असेल?

वडील गेल्यापासून दरवर्षी त्यांच्या तिथीला माझा भाऊ गावाजवळच्या एका बालकाश्रमात जेवण देतो. श्रीखंड-पुरी, मुलांना वह्या. गेल्या वर्षी मी त्याला म्हटलं, ते पैसे आपण वेगळ्या तऱ्हेने देऊ. आपल्याच तालुक्यात कितीतरी मुलं मामाकडे, आजीकडे आहेत, कोविडनंतर तर जास्तच. सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये नातेवाइकांकडच्या मुलासाठी मिळतात, पण अर्ज, दाखले, तालुक्याच्या खेपा हे सगळं त्या म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. त्यात मदत करू, वर थोडं आपलं घालू. भावाने ऐकून घेतलं. तो वाद घालणारा माणूस नाही. म्हणाला, आश्रमातल्या पोरांनी त्या दिवशी काय खायचं मग? ती काही तिथे हौसेने राहत नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायलाही नको. तेव्हा जेवण चालू राहील असं ठरलं, आणि दुसरंही करायचं ठरलं. शाळेतल्या बाईंकडून सात घरांची नावं मिळाली आहेत. दोघा मुलांचे अर्ज भरून झाले, एकाच्या बापाच्या मृत्यूचा दाखला मुंबईहून यायचा आहे. मी पुण्यात, भाऊ बँकेच्या कामात. परवा फोनवर त्याने विचारलं, अर्ज होतील, पैसे येतील, ते सगळं मी बघतो; पण ताई, दर महिन्याला त्या सात घरी जाऊन बसायचं कुणी?

वहिनी मागून म्हणाली, तीन घरं माझ्या वाटेवरची आहेत.